मरते ती पेशी कोणती? सिंगल-सेल आणि स्पेशियल तंत्रांनी अल्झायमरचा अभ्यास सुरू करताना

उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढलेला मेंदूचा तुकडा बहुतेक वेळा तुरीच्या दाण्याएवढा असतो. करडा-पांढरा, चिमट्यात दगडासारखा टणक. एवढ्याशा दाण्यात लाखो पेशी असतात. न्यूरॉन, त्यांना वेढून बसलेले ॲस्ट्रोसाइट, तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवणारे ऑलिगोडेंड्रोसाइट, पहारा आणि साफसफाई करणारे मायक्रोग्लिया, शिवाय रक्तवाहिन्यांच्या पेशी. पूर्वी हा दाणा कुटून त्यातला सगळा आरएनए एकत्रच मोजला जाई. अल्झायमरच्या रुग्णात एखाद्या न्यूरॉनी जनुकाचा आकडा घसरलेला दिसला, तर न्यूरॉननी ते जनुक बंद केलं की न्यूरॉनच मेले, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नसे.

आता प्रत्येक पेशीचा हिशेब वेगळा मांडता येतो. ते झालं सिंगल-सेल. ती पेशी कुठल्या थरात, कुणाच्या शेजारी बसली होती हेही टिपता येतं; ते स्पेशियल. एम.एस्सी.ला असलेल्या, एमडी करता करता संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या, किंवा पायथन येतं पण मेंदू नवा आहे अशा वाचकांसाठी हा लेख आहे. उदाहरणं मुख्यतः अल्झायमरची घेतली आहेत, कारण त्या आजाराचा उघडा डेटा भरपूर आहे आणि घरच्या लॅपटॉपवर बसून हात बसवता येतो.

पहिली पायरी : प्रश्न

यंत्र कुठलं घ्यायचं हा नवख्यांचा पहिला प्रश्न असतो. तो बाजूला ठेवा.

१९०६ साली ट्यूबिंगेनमधल्या एका सभेत आलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या आपल्या रुग्ण बाईंच्या मेंदूत काय दिसलं ते सांगितलं: पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके, म्हणजे प्लाक, आणि न्यूरॉनच्या आत गुंतवळ. प्लाक अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे आणि गुंतवळ टाऊ या प्रथिनाची, हे पुढे कळलं. १९९१ मध्ये हायको आणि एव्हा ब्राक यांनी टाऊ मेंदूत कसा पसरत जातो याचे सहा टप्पे मांडले. सुरुवात हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या एंटोरायनल कॉर्टेक्सच्या परिसरात, मग आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस, मग बाकीचं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूची बाहेरची साल. दृष्टीचं प्राथमिक केंद्र अगदी शेवटी. म्हणजे आजार सगळ्या न्यूरॉनना सारखा झोडपत नाही. एका जातीचे न्यूरॉन लवकर जातात, त्यांच्या शेजारचे वर्षानुवर्षं तग धरतात. पार्किन्सनमध्येही हेच. २०२२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मध्यमेंदूतल्या सब्स्टान्शिया नायग्रामधल्या डोपामिन न्यूरॉनचे दहा प्रकार वेगळे काढले गेले, आणि त्यांतला एजीटीआर१ हे जनुक वापरणारा एक प्रकार रुग्णांमध्ये सर्वाधिक घटलेला आढळला.

ही निवड का होते, हा या क्षेत्राचा गाभा. त्याचे तुमच्या कामापुरते तीन तुकडे पाडा. कोणती पेशी कमी झाली? उरलेल्या पेशी कशा बदलल्या? आणि तो बदल कुठे झाला, प्लाकजवळ, गुंतवळीजवळ की सगळीकडे? पहिल्या दोघांसाठी सिंगल-सेल पुरतं. तिसऱ्याला स्पेशियल लागतं, आणि ते महाग आहे. तिसरा प्रश्न तुमचा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट इथेच मनावर कोरून ठेवा. मेलेली पेशी डेटात नसते. तुम्हाला दिसतात त्या उरलेल्या. एखाद्या जातीच्या न्यूरॉनमध्ये "ताण सोसणारी जनुकं वाढली" असं दिसलं, तर त्या न्यूरॉननी ती वाढवली असतील, किंवा ती आधीपासून जास्त असलेलेच न्यूरॉन तेवढे वाचले असतील. दोन्हींचा आलेख एकसारखाच येतो. फरक ओळखायचा तर आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे दाते लागतात. फक्त शेवटच्या टप्प्याचे रुग्ण आणि फक्त निरोगी माणसं घेतली तर तो कळत नाही.

पेशी की केंद्रक

नाव सिंगल-सेल असलं तरी माणसाच्या मेंदूवरच्या या कामात बहुतेक वेळा पूर्ण पेशी नसते, तिचं केंद्रक असतं. याला दोन कारणं. न्यूरॉनचे तंतू एकमेकांत इतके गुंफलेले असतात की प्रौढ मेंदूतून अख्खा न्यूरॉन सोडवून घेणं जवळजवळ अशक्य. दुसरं, मेंदूपेढीतला तुकडा गोठवलेला असतो. गोठताना पेशीचं बाहेरचं पटल फाटतं, केंद्रक मात्र टिकतं. म्हणून केंद्रक वेगळं काढून त्यातला आरएनए वाचायचा.

यात एक फायदाही पदरात पडतो. ताज्या ऊतीतून जिवंत पेशी सोडवायच्या तर विकर घालून कोमट तापमानाला ठेवाव्या लागतात, आणि तेवढ्या वेळात मायक्रोग्लिया बिथरतात; ताणाची जनुकं चालू होतात आणि तीच आजाराची खूण वाटू लागतात. केंद्रकांचं सगळं काम बर्फावर चालतं, त्यामुळे हा धोका बराच टळतो.

तोटा मायक्रोग्लियाच्याच बाबतीत आहे. २०२० मध्ये एका गटाने एकाच माणसांच्या ऊतीतल्या पेशी आणि केंद्रकं यांची तुलना केली. मायक्रोग्लिया चेतवल्यावर वाढणाऱ्या जनुकांपैकी काहींचा आरएनए केंद्रकात फारच कमी आढळला. त्यात एपीओई होतं, एसपीपी१ही. अल्झायमरमध्ये नेमकी हीच नावं महत्त्वाची. तेव्हा केंद्रकांच्या डेटात एखादं जनुक दिसलं नाही म्हणून ते तिथे नव्हतंच, असं लिहू नका.

दाता, तुकडा आणि दिवस

तो तुरीचा दाणा म्हणजे कुणीतरी मरणानंतर दिलेलं दान आहे. त्यासोबत येणारी माहिती तुकड्याइतकीच मोलाची. वय, लिंग, मृत्यूनंतर किती तासांनी मेंदू गोठवला, ऊतीचा सामू, आरएनए किती शाबूत आहे त्याचा गुणांक, ब्राक टप्पा, एपीओईचा प्रकार. शिवाय सोबतचे इतर रोग. ऐंशीच्या घरातल्या मेंदूत एकटा अल्झायमर क्वचितच असतो. ल्युई बॉडी (न्यूरॉनमध्ये साचलेले प्रथिनांचे गोळे), टीडीपी-४३ या प्रथिनाचे साठे, बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान, काही ना काही सोबत असतंच. अहवालात ते पाहा.

भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूपेढी आहे. तिथून किंवा कुठूनही ऊती घ्यायची तर संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आधी लागते, आणि तिला वेळ लागतो. अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

मग येतो दिवसांचा प्रश्न, ज्यात सगळं मुसळ केरात जाऊ शकतं. सगळे रुग्ण सोमवारी आणि सगळे निरोगी दाते मंगळवारी प्रयोगाला घेतले, तर सोमवार-मंगळवारचा फरक आणि आजाराचा फरक एकमेकांत असे मिसळतात की जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही. एका फेरीत चार नमुने बसत असतील तर दोन रुग्ण आणि दोन निरोगी घ्या, वय आणि लिंग शक्य तितकं जुळवून. यादी संगणकाने पिसून घ्या. कोणता नमुना कोणत्या दिवशी, कुणाच्या हातून, कोणत्या संचातून गेला हे वहीत त्याच क्षणी लिहा. नंतर आठवून लिहिलेलं उपयोगाचं नसतं.

ओट्यावर

गोठलेला तुकडा थंडगार द्रावणासह काचेच्या नळीत पडतो. नळीत अगदी बेताने बसणारी काचेची दांडी असते. एक सैल, एक घट्ट. आधी सैल दांडीने दहा-पंधरा वेळा वर-खाली, मग घट्ट दांडीने तेवढंच. घाई केली की फेस येतो आणि केंद्रकं फुटतात. द्रावणात सौम्य डिटर्जंट असतं. ते पेशीचं बाहेरचं पटल विरघळवतं आणि केंद्रकाला धक्का लावत नाही, पण मिनिटं मोजूनच. जास्त वेळ ठेवलं तर केंद्रकही गळायला लागतं. आरएनए खाणाऱ्या विकरांना रोखणारं औषध प्रत्येक द्रावणात ताजं घालायचं. मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळणं. मायलिनचा पांढरा साका नकोसा असतो. तो काढायला सुक्रोज किंवा आयोडिक्सॅनॉलच्या दाट थरावर मिश्रण ओतून अपकेंद्रित्रात फिरवायचं. मायलिन वर तरंगतं, केंद्रकं खाली जातात.

आता थांबा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहा. डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने रंगवलेली केंद्रकं निळी चमकतात. न्यूरॉनची मोठी, गोल, आत फिकट. ऑलिगोडेंड्रोसाइटची लहान आणि गडद. कडा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ हवी. कडेला धूसर धागे लोंबताना दिसले, चार-पाच केंद्रकं एकमेकांना चिकटलेली दिसली, तर तो नमुना पुढे नेऊ नका. मला शिकवणाऱ्या बाईंचा नियम होता की डोळ्यांना पटलं नाही तर (पुढच्या यंत्रात लागणारी) चिप उघडायचीच नाही. एका चिपचा खर्च पाहता हा नियम मी आजही मोडत नाही.

पुढे यंत्र प्रत्येक केंद्रकाला तेलातल्या एका सूक्ष्म थेंबात बसवतं, सोबत एक मणी. मण्यावरच्या प्रत्येक धाग्यावर १६ अक्षरांचा एकच संकेत, म्हणजे त्या केंद्रकाचा पत्ता, आणि त्यापुढे प्रत्येक धाग्याला वेगळा १२ अक्षरांचा शिक्का, म्हणजे त्या आरएनए रेणूचा अनुक्रमांक. पुढे प्रती काढताना एका रेणूच्या हजार प्रती झाल्या तरी शिक्का एकच, म्हणून मोजणी एकच. क्रोमियम या थेंबांच्या यंत्राच्या, बरीच वर्षं वापरात असलेल्या संचात दर हजार केंद्रकांमागे साधारण ०.८ टक्के जोड्या होतात; दहा हजार केंद्रकं मिळवायला गेलात तर आठ टक्के "पेशी" खरं तर एका थेंबात अडकलेल्या दोन असतात. हाव धरली तर हे प्रमाण वाढतं.

संगणकावर : आधी धुणं

डेटा आला की नवा माणूस थेट रंगीत नकाशा काढायला धावतो. आधी तीन गोष्टी धुवून घ्या.

पहिली, सांडलेला आरएनए. फुटलेल्या पेशींचा आरएनए द्रावणात तरंगत असतो आणि प्रत्येक थेंबात थोडाथोडा शिरतो. मेंदूत तो प्रामुख्याने न्यूरॉनचा, कारण न्यूरॉनमध्ये आरएनए भरपूर. परिणामी मायक्रोग्लियातही न्यूरॉनची जनुकं दिसू लागतात. हे किती फसवं आहे ते २०२२ मध्ये डॅलसच्या एका गटाने दाखवलं: आधीच्या अभ्यासांत "अपरिपक्व ऑलिगोडेंड्रोसाइट" म्हणून नोंदवलेले काही समूह म्हणजे न्यूरॉनचा सांडलेला आरएनए अंगावर घेतलेल्या ग्लिया पेशी निघाल्या. सेलबेंडर किंवा सूपएक्स ही साधनं हा सांडलेला आरएनए मोजणीतून वजा करतात. ते चालवायला गाळणी न लावलेली मूळ फाइल लागते, रिकाम्या थेंबांसकट; ती कधीही पुसू नका.

दुसरी, जोड्या. एससीडबलफाइंडर किंवा स्क्रबलेट वापरा, आणि प्रत्येक नमुन्यावर वेगळं चालवा. सगळे नमुने एकत्र करून चालवलं तर हिशेब चुकतो, कारण दोन वेगळ्या नमुन्यांतली केंद्रकं एका थेंबात येऊच शकत नाहीत.

तिसरी, मायटोकॉन्ड्रियाचा आरएनए. तो केंद्रकात नसतोच. केंद्रकांच्या डेटात त्याचं प्रमाण चढलेलं दिसलं तर बाहेरचा कचरा चिकटला आहे. पूर्ण पेशींसाठी लिहिलेल्या शिकवण्यांत पाच-दहा टक्क्यांची मर्यादा आढळेल. केंद्रकांसाठी ती सैल आहे, खूप खाली आणा. आणि इंट्रॉनमधले, म्हणजे नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागांतले वाचही (यंत्राने वाचलेले आरएनएचे तुकडे) मोजणीत घ्या. केंद्रकातला पुष्कळ आरएनए अजून कापला-जोडला गेलेला नसतो.

यानंतर आर भाषेत स्यूराट किंवा पायथनमध्ये स्कॅनपाय. सामान्यीकरण, बदलत्या जनुकांची निवड, मुख्य घटक, शेजाऱ्यांचा आलेख, समूह. याच्या शिकवण्या चांगल्या आहेत, इथे वेळ घालवत नाही. समूहांना नावं देताना लागणारी शिदोरी मात्र लिहून ठेवा: उत्तेजक न्यूरॉन एसएलसी१७ए७, दमनकारी जीएडी१ आणि जीएडी२, ॲस्ट्रोसाइट एक्यूपी४, ऑलिगोडेंड्रोसाइट एमबीपी आणि पीएलपी१, त्यांच्या पूर्वज पेशी पीडीजीएफआरए, मायक्रोग्लिया सीएसएफ१आर आणि पी२आरवाय१२, रक्तवाहिन्यांचं अस्तर सीएलडीएन५. आधी एवढ्या ढोबळ जाती पक्क्या करा. पोटजातींसाठी ॲलन इन्स्टिट्यूटचं मॅपमायसेल्स हे मोफत साधन आहे. तुमच्या पेशी ते त्यांच्या नकाशावर बसवून देतं.

एखादा समूह एकाच दात्याच्या पेशींनी भरलेला निघाला तर तो नवा पेशीप्रकार समजू नका. तो बहुधा त्या माणसाचा शेवटचा आजार असतो, किंवा खराब झालेला नमुना.

पातेलं आणि शितं

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

शितावरून भाताची परीक्षा करतात. पण एका पातेल्यातली दहा हजार शितं तपासली तरी पातेलं एकच. त्यावरून या पातेल्यातला भात शिजला आहे की नाही हे अगदी खात्रीने सांगता येईल. गावातल्या सगळ्या घरांचा भात कसा शिजतो हे सांगता येणार नाही. आपल्या कामात पातेलं म्हणजे दाता, शितं म्हणजे केंद्रकं.

समजा सहा रुग्ण, सहा निरोगी दाते, प्रत्येकाचे पाचशे मायक्रोग्लिया. सहा हजार पेशी. साधी चाचणी लावली तर संगणकाला वाटतं की तीन हजार विरुद्ध तीन हजार अशी तुलना आहे, आणि जनुकांची लांबलचक यादी बाहेर पडते, प्रत्येकापुढे डोळे दिपवणारी पी-व्हॅल्यू. आता सहापैकी एका रुग्णाला शेवटच्या आठवड्यात न्यूमोनिया झाला होता असं धरा. त्याचे पाचशे मायक्रोग्लिया चवताळलेले असणार. ते एकटेच अख्ख्या गटाचा आकडा वर खेचतात, आणि न्यूमोनियाची खूण अल्झायमरची म्हणून छापली जाते. खरी तुलना सहा विरुद्ध सहा एवढीच होती.

उपाय सोपा आहे. एका दात्याच्या एका जातीच्या सगळ्या पेशींची मोजणी बेरीज करून एक स्तंभ करा. बारा दाते, बारा स्तंभ. त्यावर एजआर किंवा डीईसेक२ हे जनुकांतला फरक तपासणारं साधन चालवा. वय, लिंग, मृत्यूनंतरचा काळ हे घटक सूत्रात घाला, पण बारा दात्यांना पाच घटक पेलवत नाहीत, दोनवर थांबा. याला स्यूडोबल्क म्हणतात. ज्या दात्याच्या त्या जातीच्या पेशी दहा-वीसच असतील, त्याला त्या जातीपुरतं बाजूला ठेवा.

याचं प्रत्यक्ष उदाहरण आहे. अल्झायमरग्रस्त मानवी कॉर्टेक्सचा पहिला मोठा केंद्रक-अभ्यास २०१९ साली नेचरमध्ये आला. ४८ दाते, निम्म्यांत अल्झायमरची चिन्हं आणि निम्म्यांत नाही किंवा नगण्य, एकूण ८०,६६० केंद्रकं. या क्षेत्राचं दार त्या कामाने उघडलं आणि त्याचा मान कायम राहील. २०२३ मध्ये ईलाइफ या नियतकालिकात त्याच डेटाचं पुन्हा विश्लेषण छापलं गेलं. गाळणी कडक केली, दात्याला एकक धरलं. बदललेल्या जनुकांची संख्या ५४९ पट कमी भरली. मूळ डेटा सर्वांना खुला होता म्हणूनच हे शक्य झालं, हेही विसरू नये.

पेशींच्या प्रमाणाचं गणितही दात्यागणिकच करायचं, आणि त्यात एक वेगळा खड्डा आहे. प्रमाणांची बेरीज नेहमी शंभर. शंभरातले वीस न्यूरॉन मेले तर उरलेल्या ऐंशीत मायक्रोग्लियाचा टक्का आपोआप चढतो, एकही मायक्रोग्लिया वाढलेला नसताना. एससीकोडा हे साधन याच अडचणीसाठी आहे. नमुना तयार करताना न्यूरॉनची केंद्रकं वेगळी निवडून घेतली असतील, तर न्यूरॉन विरुद्ध ग्लिया ही तुलना मुळातच करता येत नाही. न्यूरॉनच्या आत-आतच करा.

स्पेशियल : कापावर उतरताना

दोन घराणी आहेत. एकात काचपट्टीवर संकेतांचे ठिपके असतात. त्यावर ऊतीचा काप ठेवला की खालचा ठिपका वरच्या पेशींचा आरएनए पकडतो. २०१६ मध्ये स्वीडनहून आलेल्या मूळ पद्धतीतून व्हिझियम निघालं. सगळी जनुकं दिसतात, पण ठिपका ५५ मायक्रॉनचा आणि दोन ठिपक्यांच्या मध्यांतलं अंतर १०० मायक्रॉन. कॉर्टेक्समध्ये एका ठिपक्याखाली तीन-चार पेशी सहज येतात. नव्या व्हिझियम एचडीत घरं २ मायक्रॉनची आहेत. दुसरं घराणं सूक्ष्मदर्शकाचं: मर्फिश, झेनियम. आरएनएचा एकेक रेणू चमकवून जागच्या जागी मोजायचा. पेशी स्पष्ट दिसते, पण जनुकं आधी निवडावी लागतात, काहीशे ते काही हजार. यादीत नसलेलं जनुक तुम्हाला कधीच दिसणार नाही.

"कुठल्या थरात काय बदललं" हा प्रश्न असेल तर पहिलं घराणं. "प्लाकला चिकटलेला मायक्रोग्लिया आणि लांबचा मायक्रोग्लिया यांत फरक काय" असा असेल तर दुसरं. ठिपक्याखालच्या पेशींची फोड करायला सेल२लोकेशन किंवा आरसीटीडी ही साधनं आहेत. दोघांनाही सोबत चांगला केंद्रक-डेटा लागतो, म्हणून सिंगल-सेल आधी करायचं.

आता एका प्लाकजवळ जाऊ. काप दहा मायक्रॉन जाड आहे. अमायलॉइडच्या प्रतिपिंडाने रंगवल्यावर चाळीस मायक्रॉन व्यासाचा चमकता गोळा दिसतो. त्याला बिलगून मायक्रोग्लिया, जणू गोळ्याभोवती हात टाकून बसलेले. थोडं बाहेर ॲस्ट्रोसाइटचे तंतू, अधूनमधून न्यूरॉनचे सुजलेले तंतू. तुम्ही गोळ्याच्या कडेपासून दहा-दहा मायक्रॉनची वलयं आखता आणि प्रत्येक वलयातल्या पेशी मोजता. इथवर छान. पण चाळीस मायक्रॉनच्या गोळ्याचा तुम्ही पाहता तो जाडीने एक चतुर्थांशच हिस्सा. बाकीचा वरच्या-खालच्या कापांत गेला. तसंच, तुम्ही "प्लाकपासून लांब" म्हणून निवडलेल्या पेशीच्या पाच मायक्रॉन खाली दुसरा प्लाक असू शकतो, जो या कापात नाहीच. त्यामुळे जवळ आणि लांब यांतला फरक प्रत्यक्षाहून फिका दिसतो. शेजारचे दोन काप रंगवून ठेवले तर अंदाज बराच सुधारतो.

त्याहून मोठी चूक थरांची. प्लाक कॉर्टेक्सच्या करड्या भागात असतात, पांढऱ्या भागात विरळा. "प्लाकजवळ" आणि "प्लाकपासून लांब" अशी सरळ तुलना केली तर यादीत मायलिनची जनुकं पहिली येतील, आणि ती फक्त करडं विरुद्ध पांढरं एवढंच सांगत असतील. तुलना त्याच थरात, त्याच दात्यात करा. आधी थर आखा, मग वलयं.

म्हाताऱ्या मानवी मेंदूची अजून एक खोड आहे. न्यूरॉनमध्ये वयानुसार लिपोफ्युसिन हे पिवळट रंगद्रव्य साचतं आणि ते जवळजवळ सगळ्या रंगांत आपोआप चमकतं. उंदराच्या कोवळ्या मेंदूवर बसवलेली कृती माणसाच्या कापावर आणली की सगळीकडे खोटे ठिपके दिसतात. प्रखर प्रकाशात आधी विटवून घेणं किंवा ते झाकणारं रसायन वापरणं हे उपाय. काहीही न लावलेला एक काप सोबत ठेवा. तो चमकला तर काय खोटं आहे ते कळतं.

पेशींच्या सीमा आखणारं सॉफ्टवेअर गोल न्यूरॉनवर चांगलं चालतं. फांद्या फुटलेल्या मायक्रोग्लियावर ते अडखळतं आणि शेजाऱ्याचा आरएनए त्यांच्या नावावर टाकतं. पडद्यावर वीस-तीस पेशी स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उंदीर आणि माणूस

२०१७ साली ५एक्सएफएडी उंदरांत प्लाकभोवती जमणाऱ्या मायक्रोग्लियाची खास अवस्था सापडली. तिला डॅम, म्हणजे आजाराशी जोडलेले मायक्रोग्लिया, म्हणतात. तिचा दुसरा टप्पा ट्रेम२ या जनुकाशिवाय येत नाही. २०२० मध्ये उंदरांतच प्लाकच्या आसपास एकत्र वाढणारा ५७ जनुकांचा संच स्पेशियल पद्धतीने दाखवला गेला. दोन्ही कामं वाचाच. वाचताना ध्यानात ठेवा की ५एक्सएफएडी उंदरात घराण्यात चालत येणाऱ्या अल्झायमरची पाच उत्परिवर्तनं एकदम घातलेली असतात. आपल्या घरांतल्या बहुतेक रुग्णांत त्यांतलं एकही नसतं, आणि या उंदरांत टाऊच्या गुंतवळी होत नाहीत. उंदरातली जनुकांची खूण माणसात जशीच्या तशी शोधू नका.

आणि आरएनए वाढला म्हणजे प्रथिन वाढलं असंही नाही. यादीतली महत्त्वाची दोन-तीन जनुकं तरी वेगळ्या दात्यांच्या कापांवर प्रतिपिंडाने रंगवून पाहा.

पहिला महिना

प्रयोगशाळा नसली तरी चालेल. पहिल्या आठवड्यात स्पेशियललिबड हा खुला संच उघडा. तीन निरोगी दाते, पुढच्या कॉर्टेक्सचे बारा काप, सहा थर हाताने आखलेले. व्हिझियमचा डेटा कसा दिसतो हे त्यावर शिका.

दुसऱ्या आठवड्यापासून सी-एडी. सिएटलमधला हा प्रकल्प आहे. ८४ दात्यांच्या मधल्या टेम्पोरल गायरसमधली (कानशिलाजवळच्या कॉर्टेक्सच्या एका भागातली) केंद्रकं, सोबत मर्फिश, आणि प्रत्येकाच्या कापावर मोजलेला अमायलॉइड आणि टाऊ. २०२४ च्या त्यांच्या लेखात दात्यांना "रुग्ण" आणि "निरोगी" अशा दोन खोक्यांत न टाकता आजाराच्या वाटेवर ओळीने उभं केलं आहे. त्यामुळे दिसलं की सोमॅटोस्टॅटिन बाळगणारे दमनकारी न्यूरॉन खूप लवकर घटू लागतात. वर मेलेल्या पेशींबद्दल लिहिलं ती अडचण त्यांनी या मांडणीने बरीच आवाक्यात आणली.

मोजणीच्या फाइली मोफत उतरवता येतात. मूळ वाचांच्या फाइलींसाठी अर्ज करावा लागतो, कारण त्यांतून दात्याची जनुकीय ओळख पटू शकते. अख्खा संच साध्या लॅपटॉपवर उघडायला जाऊ नका, मेमरी पुरणार नाही. फक्त मायक्रोग्लियाची फाइल घ्या. त्यात संदर्भासाठी घेतलेले काही निरोगी दातेही मिसळलेले असतात, ते आधी वेगळे काढा. मग दात्यानुसार बेरीज करा आणि तक्त्याचे स्तंभ मोजा. ८४ पेक्षा जास्त भरले, तर दात्याच्या क्रमांकाऐवजी नमुन्याच्या क्रमांकावर बेरीज झाली आहे. मागे जा, ती ओळ दुरुस्त करा आणि पुन्हा मोजा.